प्रोझोरो आणि खरेदी अधिकारी: युक्रेनच्या सरकारी खरेदी सुधारणेचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विक्टर यानुकोविच देश सोडून गेले, तेव्हा युक्रेनमधली सरकारी खरेदी पूर्णपणे कागदावर चालत होती. निविदा मोहोरबंद लिफाफ्यांतून येत, आणि कोणाचा लिफाफा कोणत्या कारणाने बाजूला ठेवला गेला, हे बाहेरच्या माणसाला कळणे अवघड होते. कायदा नव्हता असे नाही. २०१० चा खरेदी कायदा लागू होता. पण त्याला अपवादांची इतकी ठिगळे जोडली गेली होती, की सरकारी मालकीच्या कंपन्यांची बरीच मोठी खरेदी त्याच्या कक्षेबाहेर गेली होती. सत्तांतरानंतर एप्रिल २०१४ मध्ये जो नवा कायदा झाला, त्याने यातील अनेक अपवाद काढून टाकले. लिफाफे मात्र तसेच राहिले.

पुढच्या दहा वर्षांत तेथे जे घडले, त्याचा उल्लेख बहुधा प्रोझोरो या सरकारी खरेदीच्या संगणकीय प्रणालीची यशोगाथा म्हणून केला जातो. प्रणाली खरोखरच उत्तम होती आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु हे प्रकरण बारकाईने पाहिले, तर यंत्र आणि कायदा बदलायला दीड-दोन वर्षे पुरली आणि त्या यंत्रासमोर बसणाऱ्या खरेदी कर्मचाऱ्याचे पद, जबाबदारी आणि प्रशिक्षण यांची घडी बसवायला त्याच्या कितीतरी पट अधिक काळ लागला, असे दिसते. या लेखात भर आहे तो या दुसऱ्या, कमी चर्चिल्या गेलेल्या भागावर.

कायद्याला न शिवता केलेली सुरुवात

नव्या प्रणालीची आखणी २०१४ मध्ये काही स्वयंसेवकांनी सुरू केली. त्यांत शेअर व्यवहारांच्या क्षेत्रातून आलेले ओलेक्झांडर स्तारोदुब्त्सेव होते. पुढे २०१५ मध्ये ते आर्थिक विकास आणि व्यापार मंत्रालयाच्या खरेदी नियमन विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी गुंतवणूक क्षेत्रातील मॅक्स नेफ्योदोव उपमंत्री म्हणून मंत्रालयात आले. संसदेत नवा कायदा मंजूर होईपर्यंत थांबायचे नाही, असे या गटाने ठरवले होते, आणि त्यासाठी त्यांनी कायद्यातलीच एक मोकळी जागा शोधली. ठरावीक रकमेखालच्या खरेदीला कायद्याची कार्यपद्धती लागूच नव्हती. ज्या कार्यालयांची इच्छा असेल त्यांनी आपली छोटी खरेदी नव्या प्रणालीवर करावी, यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती. १२ फेब्रुवारी २०१५ रोजी प्रोझोरो या नावाने हा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. पहिल्या खरेदीदारांत संरक्षण मंत्रालय आणि सरकारी अणुऊर्जा कंपनी एनर्गोआटोम यांचा समावेश होता.

सुरुवातीचा खर्चही सरकारी तिजोरीतून आला नाही. इंटरनेटवरील सात खासगी व्यापार मंचांनी प्रत्येकी पाच हजार डॉलर दिले आणि त्या पस्तीस हजार डॉलरांत पहिली आवृत्ती उभी राहिली. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेच्या युक्रेन शाखेने प्रकल्प सांभाळला आणि प्रणाली पक्की झाल्यावर ती सरकारच्या हवाली केली. या मंचांना पैसे देण्यात रस का असावा, याचे उत्तर रचनेतच होते. सर्व निविदांची नोंद एका मध्यवर्ती सरकारी भांडारात होणार होती. पुरवठादाराने मात्र आपल्या पसंतीच्या कोणत्याही खासगी मंचावरून त्यात भाग घ्यायचा होता, आणि मंच त्याच्याकडून शुल्क घेणार होते. कोणत्याही मंचावरून आले तरी माहिती तीच दिसे. त्यामुळे मंचांची आपसांतली स्पर्धा सेवेवर होत राहिली, आणि नव्या पुरवठादारांना शोधून आणण्याचे काम सरकारऐवजी तेच करू लागले.

लिलावाची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. मुदत संपेपर्यंत कोणी किती देकार दिला हे खरेदीदारालाही दिसत नाही. ठरलेल्या वेळी पडदा उघडतो, तेव्हा सगळ्यांचे प्रारंभिक दर दिसतात. नावे मात्र झाकलेली असतात. मग तीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत ज्याचा दर सर्वाधिक, त्याची पाळी आधी येते, आणि ज्याचा सर्वात कमी, तो शेवटी बोलतो; प्रत्येकाला दर उतरवायचा की तसाच ठेवायचा हे ठरवायला मोजकी मिनिटे मिळतात. घरी बसलेला कोणीही नागरिक हे सर्व चालू असताना पाहू शकतो. तिसरी फेरी संपली की नावे, दर आणि कागदपत्रे एकदमच खुली होतात, आणि खरेदीदार सर्वात कमी दराच्या निविदाकाराची कागदपत्रे तपासायला घेतो. तो अपात्र ठरला तरच पुढच्याकडे वळतो. ‘सगळ्यांना सगळे दिसते’ हे प्रोझोरोचे घोषवाक्य या अर्थाने अक्षरशः खरे होते.

२५ डिसेंबर २०१५ रोजी संसदेने सार्वजनिक खरेदीचा नवा कायदा मंजूर केला. १ एप्रिल २०१६ पासून केंद्रीय विभाग आणि मक्तेदारी असलेल्या मोठ्या सरकारी कंपन्या, तर १ ऑगस्ट २०१६ पासून सर्वच सरकारी खरेदीदार यांना प्रोझोरो बंधनकारक झाले. वस्तू आणि सेवांसाठी दोन लाख ह्रिव्निया (युक्रेनचे चलन), बांधकामांसाठी पंधरा लाख ह्रिव्निया ही सक्तीची किमान मर्यादा ठेवण्यात आली. त्याच वर्षी युक्रेन जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात सामील झाला आणि प्रोझोरोला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पहिल्या प्रायोगिक निविदेपासून देशभरच्या सक्तीपर्यंत दीड वर्ष. सरकारी सुधारणांच्या मानाने हा वेग विलक्षणच म्हटला पाहिजे.

पाच जणांची समिती

या कायद्याने कार्यालयांसमोर दोन पर्याय ठेवले होते. एक तर पूर्वीप्रमाणे किमान पाच जणांची निविदा समिती नेमावी, किंवा खरेदीची जबाबदारी एका ‘अधिकृत व्यक्ती’कडे सोपवावी. बहुतेकांनी समितीच कायम ठेवली, आणि त्यात नवल काही नाही. समितीतला लेखापाल, विधी सहायक, भांडार सांभाळणारा, एखादा अभियंता, यांचे मूळ काम दुसरेच असते. निविदेचे काम हे त्यावर पडलेले ओझे असते. पाच जणांच्या सह्या असल्या की निर्णय कोणा एकाचा राहत नाही, आणि आक्षेप आला तर उत्तर कोणी द्यायचे हा प्रश्न हवेत विरतो. ज्याला खरेदी शिकून घ्यायची आहे, त्याला त्याबद्दल वेगळे वेतन नाही, बढती नाही आणि पदनामही नाही.

प्रशिक्षणाकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये प्रोमेथियस या युक्रेनियन ऑनलाइन शिक्षण मंचावर सार्वजनिक खरेदीचा मोफत अभ्यासक्रम सुरू झाला, आणि कीव स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने मंत्रालयाच्या सहकार्याने खरेदीविषयक केंद्र उभारले. पुढे नमुना विनिर्देशांचे, म्हणजे काय खरेदी करायचे त्याच्या तांत्रिक वर्णनांचे, ग्रंथालयही खुले करण्यात आले. तथापि या काळातले शिक्षण मुख्यतः यंत्र कसे वापरायचे आणि कायद्याचे कोणते कलम कोठे लागू होते, यांभोवती फिरत होते. सक्तीची तारीख डोक्यावर असताना दुसरे काही शक्यही नव्हते. ज्या कर्मचाऱ्याला सोमवारी पहिली निविदा प्रसिद्ध करायची आहे, तो रविवारी बाजारपेठेचे विश्लेषण शिकायला बसणार नाही.

त्याचा परिणाम निविदांच्या मजकुरात उमटला. लिलाव कितीही खुला असला, तरी कशासाठी लिलाव होणार हे विनिर्देशांत ठरते, आणि विनिर्देश माणूस लिहितो. समजा एका रुग्णालयाला तपासणीचे उपकरण हवे आहे. ज्याला उपकरणांचा बाजार ठाऊक नाही, तो कर्मचारी बहुधा एखाद्या विक्रेत्याकडून माहितीपत्रक मागवतो आणि त्यातल्या लांबी-रुंदी, वजन, पडद्याचा आकार यांसह सर्व आकडे निविदेत उतरवतो. झाले, स्पर्धा तेथेच संपली. कारण ते आकडे एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलला लागू पडतात. यात लाच असेलच असे नाही. पुष्कळदा ते निव्वळ अज्ञान असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला अज्ञान व साटेलोटे यांतला फरक कळत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या युक्रेन शाखेने दोझोरो हा देखरेख मंच सुरू केला. तेथे पुरवठादार आणि नागरिक एखाद्या निविदेविषयी तक्रार किंवा अभिप्राय नोंदवू शकत होते. एका पुरवठादाराला समोर ठेवून घातलेल्या अटी ही तेथल्या तक्रारींतली नेहमीची बाब होती.

नियमांतल्या काही तरतुदींनीही गैरवर्तनाला वाट करून दिली. किमान दोन निविदाकार असल्याशिवाय खुली निविदा वैध ठरत नव्हती. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता. प्रत्यक्षात ज्या ठिकाणी पुरवठादार खरोखरच एकच होता, तेथे तो आपल्याच ओळखीच्या एखाद्या कंपनीला दुसरी निविदा भरायला लावू लागला. ही दुसरी कंपनी लिलावात तिन्ही फेऱ्यांत दर हलवत नसे. स्पर्धकांच्या संख्येवरून स्पर्धा मोजणारा नियम डमी स्पर्धक तयार करतो, हे अनेक देशांनी अनुभवले आहे, आणि तरीही असे नियम लिहिले जातात. कारण लेखापरीक्षकाला मोजता येतो तो आकडाच. दुसरी वाट दोन लाखांच्या मर्यादेने दिली. मर्यादेला अगदी चिकटून, एक लाख नव्याण्णव हजारांच्या घरात बसवलेली खरेदी आणि एकच गरज तुकडे पाडून भागवलेली खरेदी ही तेथल्या पत्रकारांची नेहमीची बातमी झाली. तिसरी अडचण क्षुल्लक कागदांची. एखाद्या पानावर सही राहिली, प्रमाणपत्राची प्रत अस्पष्ट आली, एवढ्यावरून सर्वात कमी दराची निविदा बाद करता येत असे. कोणी नियमाच्या भीतीने तसे करी आणि कोणी सोयीने. दोन्हींचे कागदोपत्री रूप सारखेच.

२०१९: नियम आणि माणूस एकत्र

१९ सप्टेंबर २०१९ रोजी मंजूर झालेली आणि १९ एप्रिल २०२० पासून अमलात आलेली सुधारणा माझ्या मते मूळ २०१५ च्या कायद्याइतकीच महत्त्वाची आहे, जरी तिला पुरस्कार मिळाले नाहीत. तिने वरील जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर स्वतंत्र उपाय सुचवला. पन्नास हजार ते दोन लाख ह्रिव्नियांच्या टप्प्यासाठी सोपी पण प्रणालीवरच करावयाची खरेदी आणली, आणि तेथे एकच निविदाकार आला तरी चालेल असे ठरवले. कागदपत्रांतल्या विसंगती दुरुस्त करायला पुरवठादाराला चोवीस तास देण्याची सक्ती केली. शिवाय कोणत्या चुका किरकोळ समजाव्यात याची यादीच मंत्रालयाने काढली. लिलावाच्या ओघात कोणी अवास्तव खाली उतरला, म्हणजे इतरांच्या प्रारंभिक दरांच्या सरासरीपेक्षा ४० टक्के किंवा पुढच्या दरापेक्षा ३० टक्के कमी दर दिला, तर त्याने एका कामकाजाच्या दिवसात त्याचे समर्थन करावे, असा नियम झाला. अपिलाचे शुल्क ठरावीक रकमेऐवजी खरेदीच्या किमतीशी जोडले गेले आणि तक्रार खरी ठरल्यास ते परत मिळू लागले.

पण सर्वात दूरगामी बदल समितीविषयीचा होता. १ जानेवारी २०२२ पासून निविदा समित्या पूर्णपणे बंद होतील आणि प्रत्येक खरेदीदार कार्यालयात अधिकृत व्यक्तीच निविदा चालवील, असे कायद्याने सांगितले. या व्यक्तीकडे उच्च शिक्षण हवे, शक्यतो विधी किंवा अर्थशास्त्रातले. तिने मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत चाचणी देऊन आपले ज्ञान सिद्ध करावे. संक्रमणासाठी जवळपास पावणेदोन वर्षे देण्यात आली.

एक नाव, एक सही, एक परीक्षा, ही रचना मला योग्य वाटते. कारण शिकण्याची गरज त्यालाच भासते, ज्याच्या नावावर काम असते. तरीही तिच्या दोन मर्यादा नमूद केल्या पाहिजेत. पहिली चाचणीच्या स्वरूपाची आहे. संगणकावरची प्रश्नोत्तरी कलमे, मुदती आणि मर्यादा किती पाठ आहेत हे नेमके मोजते. बाजारात कोण पुरवठादार आहेत, अपेक्षित किंमत कशी काढायची, विनिर्देश कामगिरीच्या भाषेत कसा लिहायचा, करार झाल्यावर माल तपासून कसा घ्यायचा, यांपैकी काहीही ती फारसे मोजू शकत नाही. कायद्याने किमतीखेरीज इतर निकषांना ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा ठेवली आणि वस्तूच्या संपूर्ण आयुष्यातला खर्च हा निकषही आणला. प्रत्यक्षात मात्र बहुतांश निविदा निव्वळ किमतीवरच ठरत राहिल्या. गुणवत्तेला गुण द्यायचे तर ते का दिले हे लिहून समर्थन करावे लागते, आणि त्यासाठी लागणारे कसब प्रश्नोत्तरीतून येत नाही.

दुसरी मर्यादा दंडाची. मुदतीत कागद प्रसिद्ध न करण्यासारख्या कार्यपद्धतीतील चुकांसाठी १,७०० ह्रिव्निया, आणि चुकीने अपात्र ठरवणे यांसारख्या गंभीर उल्लंघनांसाठी २५,५०० ते ५१,००० ह्रिव्निया दंड ठेवण्यात आला, तोही संस्थेला नव्हे तर जबाबदार व्यक्तीला. नगरपालिकेच्या शाळेतली खरेदी पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या मानाने ही रक्कम जबर आहे. अशा वेळी शहाणा कर्मचारी सर्वात कमी दर स्वीकारतो आणि नस्ती बंद करतो. कारण महागडी पण टिकाऊ वस्तू घेतली तर त्याला विचारणा होऊ शकते, आणि स्वस्त वस्तू वर्षभरात मोडली तर होत नाही. जबाबदारी एका माणसावर आणताना त्याला निर्णयाची मोकळीक किती, हे त्याच वेळी ठरवावे लागते. २०१९ च्या सुधारणेत हा भाग अर्धाच राहिला. लहान कार्यालयांना त्यातून सुटका करून देण्यासाठी केंद्रीय खरेदी संस्था आणि प्रमाणित वस्तूंचा प्रोझोरो मार्केट हा ऑनलाइन सूचीबाजार हे मार्ग होते, आणि कागद, इंधन, संगणक यांसारख्या नेहमीच्या वस्तूंसाठी ते चांगले उपयोगी पडले.

युद्ध आणि सतरा ह्रिव्नियांचे अंडे

समित्या बंद होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने मोठे आक्रमण केले. चारच दिवसांत सरकारने ठराव काढून कोणत्याही निविदेविना थेट करार करण्याची मुभा दिली. त्या परिस्थितीत ते अपरिहार्य होते. ज्या शहरावर बॉम्ब पडत आहेत, तेथल्या रुग्णालयाला तीन फेऱ्यांच्या लिलावाची वाट पाहायला सांगता येत नाही. लक्षात घेण्यासारखे हे की ही सूट कायमची झाली नाही. १२ ऑक्टोबर २०२२ च्या ठरावाने खुल्या निविदा पुन्हा बंधनकारक केल्या, मात्र कमी मुदतीच्या, आणि एकच निविदाकार असला तरी वैध ठरणाऱ्या. दोन निविदाकारांची जुनी अट अशा रीतीने युद्धानेच काढून टाकली.

लष्करी खरेदी या व्यवस्थेबाहेर राहिली. जानेवारी २०२३ मध्ये कीवमधल्या एका वृत्तपत्राने सैनिकांच्या भोजनाचा सुमारे तेरा अब्ज ह्रिव्नियांचा करार उघड केला. दुकानात सुमारे सात ह्रिव्नियांना मिळणारे अंडे करारात सतरा ह्रिव्नियांना लावलेले होते. बटाट्याचा दरही दुकानाच्या दुपटीहून जास्त होता. संरक्षण मंत्रालयाने ही तांत्रिक चूक असल्याचे सांगितले. काही दिवसांतच संबंधित उपमंत्र्यांनी राजीनामा दिला. अंड्याचीच चर्चा झाली. खरी गोम कराराच्या रचनेत होती. शेकडो जिनसांची यादी असलेला एकच करार, आणि प्रत्येक जिनसाचा दर बाहेर कोणालाही न दिसणारा. अशा करारात एकूण रक्कम बेताची दाखवून, जास्त खपणाऱ्या जिनसांचा दर फुगवणे आणि क्वचित लागणाऱ्यांचा पाडून ठेवणे, ही खरेदीतली जुनी युक्ती आहे. ती ओळखायला खप आणि दर शेजारी मांडून पाहणारा माणूस लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेने गुप्त नसलेल्या लष्करी वस्तूंचे दर प्रसिद्ध करण्याची सक्ती केली, आणि अन्न, कपडे, इंधन यांची खरेदी नंतर एका स्वतंत्र सरकारी रसद संस्थेकडे गेली. या संस्थेच्या निविदा प्रोझोरोवर निघू लागल्या.

या संस्थेचे प्रमुख कोठून आले, हे या प्रकरणात महत्त्वाचे आहे. २०१५ मध्ये युक्रेनने औषधांची केंद्रीय खरेदी स्वतःच्या यंत्रणेवर अविश्वास दाखवून संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतर आंतरराष्ट्रीय संस्थांकडे सोपवली होती. २०१८ मध्ये स्वतःची वैद्यकीय खरेदी संस्था स्थापन करून ती जबाबदारी टप्प्याटप्प्याने परत घ्यायला सुरुवात झाली. त्या संस्थेचे महासंचालक राहिलेले आर्सेन झुमादिलोव पुढे रसद संस्थेचे प्रमुख झाले. औषधांच्या बाजारात जे शिकले ते सैनिकांच्या धान्याला आणि बुटांना लावता आले, कारण बाजार कसा वाचायचा, मोठ्या ठेक्याचे तुकडे कसे करायचे आणि नवा पुरवठादार कसा आणायचा, हे कसब वस्तूगणिक फारसे बदलत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांनाच शस्त्रखरेदी संस्थेवर आणण्यात आले, तेव्हा मात्र वाद पेटला. त्या संस्थेच्या पर्यवेक्षी मंडळाने आधीच्या प्रमुख मारीना बेझरुकोवा यांचा करार वाढवण्याचा निर्णय घेतला होता. संरक्षणमंत्री रुस्तेम उमेरोव यांनी तो मानला नाही, आणि भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने मंत्र्यांच्या या कृतीची चौकशी सुरू केली. अंडे, बूट आणि कागद यांच्या खरेदीचा प्रत्येक टप्पा नियमांनी बांधलेला होता. खरेदी करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला कोण नेमणार आणि कोण काढणार, या प्रश्नावर मात्र मंत्री व मंडळ दोघेही आपलाच अधिकार अंतिम असल्याचे सांगत होते.